विश्लेषण : गाडीला मेंढीच्या कातड्याचे सीट कव्हर घ्यावे का? उन्हात गार कसे राहते, धोका कुठे असतो?

रेक्झिन तापते, लोकर तापत नाही, हे खरे. पण कव्हर निवडताना पहिला प्रश्न एअरबॅगचा विचारायला हवा.

मे महिन्यातल्या दुपारी जिंतूरच्या बाजारात तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी उघडली, की पहिला चटका स्टेअरिंगचा आणि दुसरा सीटचा बसतो. पारा चाळिशीपार असतो आणि नव्या गाडीला हौसेने बसवलेले काळे रेक्झिनचे कव्हर तव्यासारखे तापलेले असते. एसी लावला तरी मंठा-जालनामार्गे छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेलाच राहतो. यावर उपाय म्हणून मेंढीच्या केसाळ कातड्याचे, म्हणजे ‘शीपस्किन’चे कव्हर सुचवले जाते. उन्हाळ्यात लोकर, हे ऐकूनच अनेकांना घाम फुटेल. त्यात तथ्य किती, हे समजून घेऊ या.

लोकर उन्हाळ्यात गार कशी?

लोकरीचा प्रत्येक केस नागमोडी असतो. या वळणांमध्ये हवा अडकून राहते आणि हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे सीट तापलेली असली तरी चटका अंगापर्यंत पोहोचत नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा वाफेच्या रूपात शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. पाठ आणि सीट यांच्यात हवा खेळती राहते. रेक्झिनमध्ये हे घडत नाही. ते प्लास्टिकच असल्याने घामाला वाट मिळत नाही. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून परदेशातील रुग्णालयांत मेंढीचे कातडे वापरले जाते. तिथेही दाब विभागणे आणि त्वचा कोरडी ठेवणे हेच गुण कामी येतात.

अस्सल कसे ओळखावे?

‘फर’ किंवा ‘वूल’ म्हणून मिळणारी अनेक स्वस्त कव्हर पॉलिस्टर वा ॲक्रिलिकची असतात. बोटांनी केस बाजूला सारून मुळाशी पाहावे. अस्सल असेल तर खाली चामडे दिसते, नकली असेल तर विणलेले कापड. दोन-चार केस उपटून काडेपेटीने जाळल्यास लोकरीला जळालेल्या केसांचा वास येतो आणि बोटात चुरडणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. उन्हासाठी आखूड, दाट आणि एकसारखी कातरलेली लोकर बरी. लांब केस दिसायला रुबाबदार असले तरी बसून लवकर चपटे होतात आणि त्यांचा गुंता होतो.

आपल्या मेंढीची लोकर का नाही?

मराठवाड्याच्या माळावर चरणारी दख्खनी मेंढी काटक असते. तिची लोकर जाड, भरड आणि बहुधा काळी असते. ती घोंगडीला उत्तम, पण उघड्या त्वचेला टोचते. शीपस्किनच्या कव्हरला मऊ, दाट लोकर लागते आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांतील मेंढ्या त्यासाठी ओळखल्या जातात. इथल्या घोंगडीचा तुकडा मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. खाली सुती अस्तर लावून चालकाच्या सीटवर पक्का बांधला, तर तो रेक्झिनपेक्षा नक्कीच सुखाचा. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली नवी घोंगडी मात्र आधी धुऊन मऊ करून घ्यावी लागते.

खरा धोका कुठे?

देशात चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटसाठीची जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. या दोन्ही स्टेअरिंग आणि डॅशबोर्डमध्ये असतात, त्यांचा कव्हरशी संबंध नाही. सहा एअरबॅगची सक्ती झाली नसली, तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ चाचण्या सुरू झाल्यानंतर छोट्या गाड्यांतही त्या येऊ लागल्या आहेत. त्यातल्या पडद्यासारख्या दोन छताच्या कडेला असतात. उरलेल्या दोन साइड एअरबॅग बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दरवाजाच्या बाजूला बसवलेल्या असतात. बाजूने धडक बसली की सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात त्यांना सीटची शिवण फाडून बाहेर यावे लागते. वरून चारही बाजूंनी घट्ट शिवलेले कव्हर असेल, मग ते रेक्झिनचे असो वा कातड्याचे, तर एअरबॅग उशिरा किंवा भलत्याच दिशेला उघडू शकते.

म्हणूनच साइड एअरबॅग असलेल्या सीटवर कव्हर घालू नये, असा इशारा गाडीच्या माहितीपुस्तिकेत अनेकदा दिलेला असतो. ती पुस्तिका डिकीत पडून राहते आणि कव्हर मात्र गाडी घरी येण्याआधीच चढते. बसवणारा विचारत नाही, घेणाराही विचारत नाही. सुरक्षेसाठी जादा पैसे मोजून घेतलेली वस्तू आपणच शिवून बंद करायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

मग काय करावे?

आधी सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एसआरएस एअरबॅग’ अशी पट्टी आहे का, ते पाहावे. असेल तर पाठीची बाजू पूर्ण मोकळी ठेवणारे, किंवा त्या गाडीसाठीच बनवलेले आणि त्या जागी कमजोर धाग्याची शिवण असलेले कव्हरच घ्यावे. अशा कव्हरला डावे-उजवे असते. अदलाबदल झाली तर ती शिवण आतल्या बाजूला जाते आणि उपयोग शून्य. मागच्या सीटवर बेल्टची बकले आणि लहान मुलांच्या सीटचे हुक कव्हरखाली गाडले जाणार नाहीत, हेही तपासावे. सीटमधून गार हवा येण्याची सोय असेल, तर जाड कव्हर तिचा मार्गच बंद करते.

जिंतूरच्या काळ्या मातीत कातड्याची निगा सोपी नाही. सोयाबीनच्या सुगीतली धूळ लोकरीत बसते, पावसाळ्यात ओल राहिली तर कुबट वास येतो, वापर नसेल तर कसर लागते. आठवड्याला ब्रश मारणे, थंड पाण्यात सौम्य साबणाने धुणे आणि सावलीत वाळवणे एवढे जमणार असेल, तरच त्यावर खर्च करावा. तोही संपूर्ण गाडीवर करण्याची गरज नाही. रोज तासन् तास बसणाऱ्या चालकाची एक सीट पुरेशी आहे. बाकीच्या सीटवर कंपनीचे मूळ कापड तसेच ठेवणे हा सर्वांत स्वस्त पर्याय आणि बहुतेक गाड्यांसाठी सर्वांत शहाणपणाचाही. कापड मळेल, ते धुता येते. अडकलेली एअरबॅग मात्र अपघाताच्या क्षणीच कळते, आणि तेव्हा कव्हर काढायला वेळ नसतो.