उघडी हवा, पण कुठली?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करून दक्षिण कोरियाला गेलेले सावंता माळी, त्यांच्या सहकारी ज्योती पाटील, चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठातले चांग कूक हाँग आणि इतरांचा एक शोधनिबंध २०२३ मध्ये ‘नेचर एनर्जी’त आला. त्यांनी पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थापासून केलेल्या सौर सेलने अंगावर पडलेल्या उन्हाची साडेएकवीस टक्क्यांहून जास्त वीज करून दाखवली. त्या सेलमधला एक थर घडला तो गरम हवेच्या झोताखाली. दुसऱ्यासाठी मात्र निर्वात कोठी लागलीच.

गरम हवेचं एवढं अप्रूप का, हे सिलिकॉनशी तुलना केली की कळतं. सिलिकॉन वितळवायला १४१४ अंश सेल्सियस तापमान लागतं. मग स्फटिक वाढवा, त्याच्या चकत्या कापा, असा मोठा पसारा. पेरोव्स्काइटचं द्रावण काचेवर पसरून सुकवलं, की एका मायक्रॉनहून पातळ थरात काम भागतं आणि बहुतेक प्रकारांना शंभर-दीडशे अंश पुरतात. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने केलेल्या पहिल्या सेलची कार्यक्षमता जेमतेम ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनला एवढी मजल मारायला कैक दशकं लागली.

अडचण पाण्याची. सगळ्यांत जास्त अभ्यासलेल्या पेरोव्स्काइटमध्ये शिसं, आयोडीन आणि एक सेंद्रिय घटक असतो. ओल लागली की हा सेंद्रिय घटक सुटा होतो आणि मागे शिशाचं पिवळं आयोडाइड उरतं. म्हणून हे सेल बहुधा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत करतात आणि तिथेच स्वस्ताईला गळती लागते. माळींच्या गटाने सेंद्रिय घटकाच्या जागी सीझियम घेतलं. ते उष्णतेला दाद देत नाही. पण त्याच्या काळ्या, वीज देणाऱ्या रूपाला साध्या तापमानात पिवळं, निरुपयोगी रूप घेण्याची खोड आहे आणि दमट हवा या बदलाला घाई करते. मे महिन्यात आंब्याची साठं घालणाऱ्या घरांना यातली खुबी सांगायला नको. रस सारखा पसरला पाहिजे आणि वेळेत सुकला पाहिजे. गरम हवेचा झोत नेमकं तेच साधतो: द्रावक झटकन उडतो, स्फटिक एकसारखे बसतात, आणि बंद पेटीऐवजी उघड्या हवेत काम होतं.

ही उघडी हवा मात्र बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या खोलीतली असते, तीस-चाळीस टक्के आर्द्रतेची. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या मालवणात जुलैत एवढी कोरडी हवा शोधूनही सापडणार नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर त्यात खारा वारा. इथे दाराच्या कडीलाही गंज चढतो. बांधून झालेल्या पॅनेलसाठी आंतरराष्ट्रीय कसोट्या आहेत: ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास, शिवाय मिठाच्या फवाऱ्याची वेगळी परीक्षा. पण हजार तास म्हणजे बेचाळीस दिवससुद्धा नाहीत. पॅनेलकडून अपेक्षा असते पंचवीस वर्षांची.

म्हणून ही परीक्षा मालवणात, खऱ्या पावसात घ्यायला हवी. पवईच्या आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्र आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइट ठेवून जोडसेल करण्यावर तिथे दिनेश काबरा यांचा गट काम करतो. याच केंद्राने २०१३ पासून देशभर फिरून बसवलेली पॅनेल किती खराब झाली याची पाहणी केली आणि उष्ण प्रदेशात ती लवकर थकतात हे दाखवून दिलं. अनुभव आहे, उपकरणं आहेत. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोघांनी मिळून त्याच्या गच्चीवर दहा-वीस नमुने ओळीने मांडावेत, दोन-तीन पावसाळे सलग नोंदी ठेवाव्यात आणि त्या सगळ्यांना खुल्या कराव्यात. कोकणाला हे नवं नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती याच मातीत, याच पावसात पारखून बागायतदारांच्या हाती दिल्या. विजेच्या पॅनेलला तेवढी पारख नको का?

शिशाचाही हिशेब मांडायला हवा. एका चौरस मीटर पॅनेलमध्ये ते ग्रॅमभराच्या आतच असतं, त्यामुळे घबराटीचं कारण नाही. पण मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने याच किनाऱ्यावर छपरं उडवली, आणि फुटलेल्या पॅनेलमधलं शिसं पावसाच्या पाण्याबरोबर वाहून विहिरीत उतरू शकतं. समोरचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी निकामी सौर पॅनेलची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे खरी. पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी देवबाग-तारकर्लीच्या वाडीत तुकडे गोळा करायला कोण येणार, हे परवानगी देतानाच ठरलं पाहिजे.

जर्मनीत कारखाना असलेल्या ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये जोडसेलच्या पॅनेलची पहिली व्यापारी खेप अमेरिकेला पाठवली. हा माल आज ना उद्या आपल्या बाजारातही येईल, आणि ‘स्वस्त’ या शब्दाला कोकणी माणूस सहज भुलत नसला तरी सरकारी निविदा भुलतात. खाऱ्या हवेतल्या नोंदी नसलेल्या पेरोव्स्काइट पॅनेलला किनारी जिल्ह्यांत अनुदान देऊ नये.

तोवर छपरावर वीज करू पाहणाऱ्यांनी मात्र थांबून राहण्याचं कारण नाही. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. सिलिकॉनचीच पॅनेल घ्यावीत, मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागावं आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत की नाही हे बसवणाऱ्यासमोरच तपासून घ्यावं.