विद्युत्‌बलाची बेरीज आणि हरवलेली दिशा

भौतिकशास्त्राच्या परीक्षांतून एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. तीन बिंदुप्रभार काही अंतरावर ठेवलेले आहेत. त्यांपैकी एकावर इतर दोघांमुळे एकूण बल किती येते? उदाहरण लहान, गुण दोन किंवा तीन. विद्यार्थी कूलोमचे सूत्र लिहितो, किमती घालतो, दोन आकडे काढतो आणि त्यांची सरळ बेरीज करून खाली दुहेरी रेघ मारतो. उत्तर चुकते. त्यातही खेदाची बाब अशी, की ते का चुकले हे त्याला पुष्कळदा शेवटपर्यंत उमगत नाही. सूत्र बरोबर होते, गुणाकार बरोबर होता, मग चूक कोठे झाली?

एक साधे उदाहरण घ्यावे. काटकोनाच्या शिरोबिंदूवर १ मायक्रोकूलोमचा धन प्रभार आहे. तेथून पूर्वेला ३० सेंटिमीटरवर ३ मायक्रोकूलोमचा आणि उत्तरेला तितक्याच अंतरावर ४ मायक्रोकूलोमचा, असे आणखी दोन धन प्रभार आहेत. पहिला त्याला पश्चिमेकडे ०.३ न्यूटन बलाने ढकलतो, दुसरा दक्षिणेकडे ०.४ न्यूटनने. सरळ बेरीज ०.७ भरते, पण खरे उत्तर ०.५ न्यूटन असून त्याची दिशा नैर्ऋत्येच्या बाजूची, पश्चिमेपेक्षा दक्षिणेकडे अधिक झुकलेली अशी आहे. जत्रेत रथाला दोन दोर बांधून दोन बाजूंनी ओढू लागले, तर रथ दोहोंच्या मधून चालतो आणि दोन्हीकडच्या माणसांचे काही श्रम वाया जातात, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. तेच पोर वर्गात येऊन बसले म्हणजे ०.३ आणि ०.४ मिळून ०.७ असे बिनदिक्कत लिहिते. ठाऊक असलेली गोष्ट आणि शिकविलेली गोष्ट यांची गाठ वर्गात पडतच नाही, असा याचा अर्थ होतो.

यात शब्दांचाही थोडा दोष आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीत एकाएकी इंग्रजी पुस्तकापुढे बसतो आणि तेथे त्याला ‘नेट फोर्स’ भेटतो. नेट म्हणजे निव्वळ, एवढे त्याला माहीत असते. कारण घरात वडिलांच्या पगारपत्रकावर निव्वळ पगाराचा रकाना असतो. एकूण वेतनातून भविष्यनिर्वाह निधी वजा, व्यवसाय कर वजा, उरला तो निव्वळ. रुपयाला दिशा नसते, म्हणून तेथे बेरीज-वजाबाकीने भागते. बलाला दिशा असते. एकाच रेषेवरचे प्रभार असतील तर पगारपत्रकाचा हिशेब चालेल. रेषा सोडून प्रभार कोपऱ्यात गेले, की तो कोसळतो. ‘परिणामी बल’ हा जुना मराठी शब्द या दृष्टीने कितीतरी प्रामाणिक होता. अनेक बलांचा मिळून जो परिणाम होतो ते बल, असे तो स्वतःच सांगतो.

परंतु दिशेची चूक ही वरवरची चूक झाली. तिच्या तळाशी याहून मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे चांगले विद्यार्थीही पाहत नाहीत. शार्ल कूलोम याने १७८५ मध्ये बारीक तारेच्या पिळावर चालणारा तराजू वापरून जो नियम प्रस्थापित केला, तो दोन प्रभारांचा नियम होता. एक गोळी स्थिर, दुसरी टांगलेल्या दांडीच्या टोकाला; तिसरीचा तेथे संबंध नव्हता. मग तिसरा प्रभार जवळ आला असता पहिल्या दोघांमधले बल तेवढेच राहील, हे कशावरून? कूलोमच्या सूत्रातून ते निघत नाही. कितीही बीजगणित केले तरी निघणार नाही. तो निसर्गाचा स्वतंत्र गुणधर्म आहे आणि प्रयोगाने पटला म्हणूनच तो मान्य झालेला आहे. यालाच अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात: प्रत्येक जोडीचे बल, इतर कोणी नाहीच असे समजून, स्वतंत्रपणे काढावे आणि मग सर्व बलांची सदिश बेरीज करावी.

निसर्गाने ही सवलत द्यायलाच हवी होती असे नाही. माणसांच्या व्यवहारात ती मिळत नाही; दोघांचे बोलणे तिसरा येऊन बसला की बदलते. अणुकेंद्रातही ती पुरतेपणी मिळत नाही. तेथे तीन कणांचे बंधन दोघादोघांच्या बलांची बेरीज करून नेमके जुळत नाही, तिघांचे म्हणून एक वेगळे बल हिशेबात धरावे लागते. स्थिर प्रभारांच्या बाबतीत मात्र सवलत मिळाली आहे, आणि तिच्यामुळेच शंभर प्रभारांचे कोडे ४,९५० जोड्यांच्या सोप्या हिशेबात मोडता येते. येथे एक गैरसमज हटकून होतो. धातूचा गोळा तिसऱ्या प्रभाराजवळ नेला तर बल बदललेले दिसते, मग तत्त्व खोटे ठरले काय? नाही. धातूतील प्रभार जागा बदलतात, म्हणून बेरीज बदलते. जोडीचा नियम जागच्या जागीच असतो. हा खुलासा वर्गात पाच मिनिटांत होण्यासारखा आहे. पण तो होण्यासाठी आधी कोणाला तरी शंका यावी लागते.

नुसत्या बेरजेतून केवढा अर्थ निघू शकतो, याचा एक नमुना पाहावा. समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर समान धन प्रभार आहेत. प्रत्येकावरचे बल जोडीच्या बलाच्या दुप्पट नसून तिनाच्या वर्गमूळपट, म्हणजे सुमारे १.७३ पट असते आणि ते बाहेरच्या दिशेने असते. आता त्रिकोणाच्या मध्यबिंदूवर एक ऋण प्रभार ठेवला आणि त्याचे मान कोपऱ्यावरील प्रभाराच्या सुमारे ०.५८ पट घेतले, तर चारही प्रभारांवरचे परिणामी बल शून्य होते. सगळे जागच्या जागी थांबावेत! प्रत्यक्षात ते थांबत नाहीत. एखादा केसभर हलला, तरी सारी रचना विस्कटते. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज धर्मोपदेशक गणितज्ञाने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार केवळ स्थिरविद्युत् बलांच्या आधारावर कोणतीही प्रभाररचना स्थायी समतोलात राहू शकत नाही. मग टेबल, दगड, हाडामांसाचा माणूस हे सारे टिकून आहे ते कशाच्या जोरावर? या प्रश्नाचे उत्तर द्यायला विसाव्या शतकातील पुंजयामिकी जन्मावी लागली. दोन-तीन गुणांचे म्हणून हिणवलेले उदाहरण विद्यार्थ्याला या दारापर्यंत आणून सोडते.

तेथवर त्याला नेतो कोण? राज्य मंडळाच्या २०१९ साली निघालेल्या पुस्तकांत कूलोमचा नियम आणि अध्यारोपण हा भाग अकरावीत आहे. आणि अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालविण्याचे वर्ष, अशी समजूत घरोघरी आहे. बारावीत शिक्षक तो भाग झालेला धरून पुढे जातात. वर्गात न येता शिकवणीत जाणारी मुले वाढली आहेत आणि शिकवणीत सांगतात ती उत्तराकडे जाणारी आडवाट. ते तरी काय करतील? २०२४ च्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिक आणि रसायन या विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे होते. प्रश्नामागे एक मिनिटही न मिळणारा मुलगा आकृती काढीत बसणार नाही; तो चार पर्यायांतून ओळखीचा दिसणारा आकडा निवडील. दोष एकट्या शिक्षकावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. साठ-सत्तर मुलांपुढे फळ्यावर बाण काढून दाखविणारे आणि मुलांकडून ते काढवून घेणारे शिक्षक आजही आहेत. त्यांच्या या खटपटीची दखल प्रश्नपत्रिका घेत नाही, एवढेच.

हा सारा हिशेब आता संगणक करतो, मग मुलांना कशाला पिडायचे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. संगणक बेरीज करतो हे खरे. पण अक्ष कोणते घ्यायचे, कोणत्या घटकाला उणे चिन्ह द्यायचे आणि आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही, हे त्याच्यापुढे बसलेल्या माणसानेच ठरवायचे असते. ज्याला बाण काढता येत नाही, त्याला संगणकाने दिलेले चुकीचे उत्तरही बरोबरच वाटणार.

मंडळाला यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. बलाचे मान विचारताना दिशाही विचारावी आणि आकृतीला स्वतंत्र गुण ठेवावा, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. शिवाय आकडेमोड नसलेला एखादा प्रश्न दरवर्षी असावा. उदाहरणार्थ, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर समान धन प्रभार आहेत आणि मध्यभागी आणखी एक धन प्रभार आहे; एका कोपऱ्यावरचा प्रभार काढून घेतला, तर मधल्या प्रभारावर बल किती आणि कोणत्या दिशेने? ज्याने सूत्र पाठ केले आहे तो तीन बले मांडून पानभर त्रिकोणमिती करील. ज्याला अध्यारोपण कळले आहे तो म्हणेल, की चौघे असताना बेरीज शून्य होती. तेव्हा आता उरलेले बल एका प्रभाराच्या बलाइतके आणि रिकाम्या कोपऱ्याच्या दिशेने.