नोआ : दोन अक्षरांचे नाव

मुलांची नावे सुचवणाऱ्या पुस्तकांवर माझा जुना राग आहे. डावीकडे नाव, उजवीकडे एका शब्दात अर्थ, की संपले. आता ही पुस्तके मोबाईलवर आली, पण पद्धत तीच. 'नोआ' हे हिब्रू मुलीचे नाव शोधून पाहा. दोन उत्तरे मिळतील. एक, 'नोआ म्हणजे विसावा. नोहा या पुरुषाच्या नावाचे स्त्रीरूप'. दुसरे, 'नोआ म्हणजे हालचाल'. पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसरे बरोबर असले तरी अपुरे आहे, आणि जे सांगायचे राहून गेले तेच मला महत्त्वाचे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी चुकीचे पाहू. महापूर, तारू आणि प्राण्यांच्या जोड्या ही नोहाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. हिब्रूत त्याचा उच्चार 'नोआख' असा होतो, शेवटी घशातला 'ख'. या नावाचा संबंध विसावणे या अर्थाच्या धातूशी आहे. मुलीच्या नावात ते 'ख'चे अक्षरच नाही. तिथे 'आयिन' नावाचे दुसरे कंठ्य अक्षर आहे, आणि धातू आहे हलणे, डुलणे या अर्थाचा. रोमन लिपीत ही दोन्ही अक्षरे नीट उतरत नाहीत, म्हणून कित्येक इंग्रजी बायबलांत त्या म्हाताऱ्या नोहाचे आणि या मुलीचे स्पेलिंग एकच झाले. एक विसावणारा, एक हलणारी. अर्थ विरुद्ध आणि लिहिणे सारखे! जन्मभर फळ्यावर व्याकरण शिकवले आहे, त्यामुळे असली गंमत दिसली की मला राहवत नाही.

हा 'हलण्याचा' धातू बायबलात कुठे कुठे येतो पाहा. मूल व्हावे म्हणून हन्ना देवापुढे मनातल्या मनात प्रार्थना करते, आवाज फुटत नाही, फक्त ओठ हलतात. तिथे हाच धातू. यशयाच्या ग्रंथात वाऱ्याने रानातली झाडे हलतात, तिथे हाच. भावाचा खून केल्यावर काइनाच्या नशिबी भटकणे येते, तेही याच धातूने सांगितले आहे. आजच्या हिब्रूत 'त्नुआ' हा शब्द त्याच कुळातला. त्याचा अर्थ हालचाल, रस्त्यावरची रहदारी, आणि शिवाय चळवळ. आपल्याकडेही 'चळणे' या क्रियापदाच्या घरातूनच 'चळवळ' आली आहे. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माणसांनी विचार मात्र सारखाच केला.

आता ती गोष्ट. मराठी बायबलात 'गणना' नावाचे पुस्तक आहे, त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात ती येते. (पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. एका मराठी बाईने हिब्रू शिकून केलेले हे काम आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.) इस्राएली लोक मिसरातून सुटून रानात भटकत आहेत. पुढे कनान देशात जमीन मिळायची आहे आणि ती घराण्याघराण्यांत, म्हणजे पुरुषांच्या नावाने, वाटली जायची आहे. मनश्शे वंशातला सलाफहाद नावाचा एक माणूस रानातच मेला. त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

या पाच बहिणी मोशेपुढे उभ्या राहिल्या. मोशे एकटा नव्हता. एलाजार याजक, सरदार आणि सगळा समाज जमला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आमचे वडील कोरहाच्या बंडात सामील नव्हते. त्यांना मुलगा झाला नाही एवढ्यावरून त्यांचे नाव कुळातून का पुसावे? चुलत्यांबरोबर आम्हालाही जमीन द्या. मोशेला उत्तर सुचले नाही. त्याने प्रकरण देवापुढे नेले आणि निवाडा आला की मुलींचे म्हणणे रास्त आहे. मग सर्वांसाठी नियम झाला : मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे जाईल.

मला यात सगळ्यात आवडते ते हे, की या मुली रडत नाहीत, पदर पसरत नाहीत. त्या मुद्दा मांडतात. यहुदी धर्मपंडितांनीही तालमुदात त्यांना शहाण्या आणि जाणत्या म्हटले आहे. त्यांची नावे एका अध्यायात एका क्रमाने आणि दुसऱ्यात वेगळ्या क्रमाने येतात. एकदा नोआ दुसरी, तर एकदा शेवटची. त्यावरून पंडितांनी काढलेला निष्कर्ष असा, की पाचही जणी सारख्याच तोलाच्या होत्या.

पण गोष्ट इथे संपवली तर तो खोटेपणा होईल. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात कुळातले पुरुष मोशेकडे येतात. त्यांची तक्रार अशी, की या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीनही तिकडे जाईल. मग नवी अट आली : लग्न आपल्याच वंशात करायचे. पाचही जणींनी चुलत भावांशी लग्ने केली. शिवाय मूळ निवाडाही 'मुलगा नसेल तर' एवढ्यापुरताच होता. भाऊ असलेल्या मुलीला त्यातून काही मिळाले नाही. मध्ययुगात युरोपातल्या यहुदी बापांनी यावर एक युक्ती काढली. बाप मुलीच्या नावे मोठ्या रकमेचा कर्जरोखा लिहून ठेवी. तो गेल्यावर भावांनी एक तर ते कर्ज फेडायचे, नाही तर बहिणीला मुलाच्या निम्मा वाटा द्यायचा. अर्थातच ते वाटा देत. कायदा मोडायचा नाही आणि मुलीला उपाशी ठेवायचे नाही, अशी ती बापाची कसरत. इस्रायलच्या १९६५ च्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखे झाले. नोआ मोशेपुढे उभी राहिली त्याला तोवर किती शतके लोटली होती!

आपण हसायला नको. आपल्याकडे २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, आणि तरीही हक्कसोडपत्रावर सही करून माहेर टिकवणाऱ्या बहिणी प्रत्येक गावात आहेत.

तुम्ही म्हणाल, ही पुराणातली गोष्ट, तिचा काय भरवसा? तर एक पुरावा सांगते. १९१० साली शोमरोनच्या उत्खननात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या. कोणत्या भागातून किती द्राक्षारस, किती तेल आले याच्या त्या नोंदी आहेत, आपल्या जुन्या दप्तरातल्या वसुलीच्या नोंदींसारख्या. त्यात भागांची नावे आहेत आणि त्यांत 'नोआ' आणि 'होग्ला' ही दोन नावे आहेत. काही अभ्यासक म्हणतात की आधी प्रदेशांची नावे होती, त्यांवरून बहिणींची गोष्ट रचली गेली. असेल. मला त्याने फरक पडत नाही. बापाचे नाव पुसू नये म्हणून मुली बोलल्या, आणि जमिनीवर नाव राहिले ते मुलींचे. ज्यांनी ही गोष्ट सांगितली आणि जपली त्यांना हे कळत होते, एवढे मला पुरे.

आता लोकप्रियतेकडे वळते. यहुदी घरांतून शतकानुशतके सारा, रिबेका, राहेल, लेआ, हन्ना, एस्तेर ही नावे चालत आली. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल घरांतूनही हीच. नोआ त्यांत क्वचितच. विसाव्या शतकात हिब्रू पुन्हा घराघरांत बोलली जाऊ लागली, तेव्हा तरुण आईबापांना आज्यांची नावे नकोशी झाली. त्यांना मातीशी जोडलेली, छोटी, ताजी नावे हवी होती. त्या लाटेत नोआ वर आले. इस्रायलच्या सांख्यिकी कार्यालयाच्या याद्यांत २००० नंतरची सुमारे पंधरा वर्षे ज्यू मुलींमध्ये नोआ हे पहिल्या क्रमांकाचे नाव होते. पुढे तामार आणि अविगेल ही नावे वर गेली. युरोपातही, नेदरलँड्स आणि स्पेनमध्ये, पुष्कळ मुलींना हे नाव मिळाले आणि तिथे त्यांतल्या बऱ्याच घरांचा हिब्रूशी संबंधही नाही.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एक बेने इस्रायली बाई पुढे मुलाकडे इस्रायलला गेल्या. त्यांच्या नातीचे नाव नोआ. मी पत्रातून विचारले, या नावामागे काय विचार होता? उत्तर आले, 'सुनेला आवडले. दोन अक्षरे आहेत, कुठल्याही देशात चालते.'

चालते, हे खरेच. नाव कानाला गोड लागावे, जिभेला सोपे असावे यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच, की नाव लोकप्रिय झाले की त्यातली गोष्ट आधी गळून पडते. एकाच वर्गात चार नोआ असल्या की नोआ म्हणजे फक्त हजेरीपटावरचा एक आवाज उरतो. शब्दकोश 'हालचाल' म्हणून मोकळा होतो. पण कोण हलले, कशासाठी हलले, कोणापुढे, हे शब्दकोश सांगत नाही. ते घरातल्या मोठ्या माणसांनी सांगायचे असते.

माझ्या मते नावाचा खरा अर्थ ते नाव पहिल्यांदा ज्याने वागवले त्याच्या वागण्यात असतो. नोआ या नावात एक मुलगी आहे. ती भर सभेत उभी राहिली, आवाज न चढवता बोलली, आणि तिच्या बोलण्याने कायदा थोडा हलला. पुरता नाही, पण हलला.

मी त्या बाईंना हे सगळे लिहून पाठवले आणि नातीला सांगायला सुचवले. वाटणीच्या दिवशी भावांसमोर बसायची वेळ कधी ना कधी बहुतेक मुलींवर येते, कायदा बाजूने असला तरी. तेव्हा तोंडातून शब्द फुटायला हवा, आणि त्याची सवय लहानपणीच लागते. स्वतःच्या नावाची गोष्ट ठाऊक असेल तर तेवढाच आधार.