राउटर घेताना आधी कोलेट पाहा
घरच्या सुतारकामासाठी राउटर घेणारे बहुतेक जण दुकानात आधी वॅट विचारतात. मी म्हणेन, आधी कोलेट पाहा, म्हणजे बिटचा दांडा धरणारी ती छोटी पकड. पाव इंची दांडा ६.३५ मिलिमीटरचा असतो. पाव इंचाच्या कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचा बिट कधीही घालू नये, चालत्या यंत्रातून तो सुटू शकतो. अर्धा इंची दांडा पाव इंचीच्या दुप्पट जाड, पण वाकायला सोळापट ताठ. म्हणून सागवानात खोल खाच मारायची असेल, तर अर्धा इंच घेणारा, वरून खाली दाबता येणारा प्लंज राउटरच हवा. प्लायच्या कडेला चिकटवलेली पट्टी साफ करायला आणि कडा गोलावायला एका हातात मावणारा ट्रिमर पुरतो. पहिली खरेदी ट्रिमरचीच करावी असं माझं ठाम मत आहे. मोठ्या यंत्रात वेग कमी-जास्त करायची सोय नसेल तर ते घेऊच नका. ५० मिलिमीटर व्यासाचा बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची धार ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळते. एवढा बिट १२,०००च्या आसपासच चालवावा. आणि हो, १६०० वॅटचं यंत्र सात अँपिअर ओढतं, तेव्हा ते पंख्या-दिव्याच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, गीझरसाठी असतो तसा मोठा सॉकेट वापरा.