रोबोट आला, अर्थिंग कुठे आहे?

मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवलीत पोरं घरीच रोबोट जोडू लागलीत, ही खुशीची गोष्ट. पण अब्बा हौसेनं किट आणतात आणि त्याला जुन्या मोबाइलचा चार्जर लावतात. भिंतीत 230 व्होल्ट, रोबोटला हवेत पाच. अ‍ॅडॉप्टरमध्ये काटकसर नको. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी नाही. चार छोट्या सर्व्हो मोटारी अडकल्या की दोन अँपिअरच्या वर ओढतात. एक अँपिअरचा चार्जर तापतो, बोर्ड सारखा बंद-चालू होतो आणि पोरगं बिचारं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं. मोटारींना वेगळा पुरवठा द्या, ग्राउंडची तार तेवढी बोर्डाशी जोडा.

माझं खरं भांडण सोसायट्यांशी आहे. आपल्याकडच्या कित्येक जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनचं, आत अर्थिंगच नाही. त्याच सॉकेटवरच्या एक्स्टेंशनला सोल्डरिंग आयर्न, बॅटरीचा चार्जर, वर पंखाही. रंगकामाला वर्गणी निघते, अर्थिंगला का नाही? घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तरी बसवून घ्या. गळती झाली की तो वीज तोडतो, अर्थिंग नसलं तरी. पुढच्या मीटिंगला हा विषय मांडा.