मावळच्या पावसांत बेस गिटारीच्या तारा

जेथें गायनवर्ग नेमानें चालतो, अशा शाळांतून व प्रार्थनामंदिरांतून पेटी-तबल्याच्या जोडीस आतां बेस गिटारहि दिसूं लागली आहे. पुष्कळदां ती कोणा माजी विद्यार्थ्यानें अथवा स्नेह्यानें भेट दिलेली असते. वाद्य येतें, त्याचें कौतुक होतें. पण त्याला तारा कोणत्या लावाव्या याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. दुकानदार देईल तो संच घेऊन मंडळी मोकळी होतात. भोर-वेल्ह्याच्या मुलखांत हा विचार आधीं झाला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचें कारण येथील हवा. महामार्गालगतच्या गांवांत पाऊस बेताचा पडतो. परंतु हिरडस मावळांत वरंधा घाटाकडे, किंवा तोरणा व राजगड यांच्या पायथ्याशीं गुंजण मावळांत गेलें, म्हणजे आषाढापासून भाद्रपदापर्यंत कपडे वाळत नाहींत, पुस्तकांस बुरशी धरते व कुलुपें किल्लीस दाद देत नाहींत. तेथें पोलादी तारेची काय कथा!

तारेचा स्वर खालीं न्यावयाचा तर तीन मार्ग आहेत: तार लांब करणें, तिचा ताण कमी करणें, अथवा तिचें वजन वाढविणें. मारें मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हे नियम मांडले आहेत. वरच्या वर्गांतील मुलांस ते सोनोमीटरवर पडताळून पाहतां येतात. बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते, आणि तारेची वाजती लांबी तर अवघी ३४ इंच. (लिओ फेंडर यानें १९५१ सालीं विक्रीस आणलेल्या वाद्यापासून हें माप रूढ झालें.) एवढ्याशा लांबींत इतका खर्ज काढावयाचा म्हणजे तार जड हवी. पण नुसती जाड पोलादी सळई घेतली तर ती ताठ होते व बेसूर बोलते. यास्तव आंत बारीक पोलादी गाभा आणि त्यावर दुसऱ्या धातूचें वेष्टन, अशी योजना करितात.

हें वेष्टन कसें, यावरच सारें भांडण आहे. तें गोल तारेचें असलें, तर दोन वेढ्यांमध्यें खांच राहते; अशा तारेस राउंडवाउंड म्हणतात. नवी असतांना ती फार तेजस्वी वाजते. परंतु त्या खांचेंत घाम, मळ व ओल सांठते, आणि थोड्याच दिवसांत तें तेज जातें. शिवाय ती कानशीप्रमाणें पडद्यांवर घासते. वेष्टन सपाट फितीचें असलें, म्हणजे तार फ्लॅटवाउंड, तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, मळास थारा राहत नाहीं, पडदे कमी झिजतात आणि बोट सरकतांना कर्कश आवाज निघत नाहीं. फीत स्टेनलेस पोलादाची किंवा निकेलची असली, तर गंजाचेंहि भय पुष्कळ कमी होतें.

अशी तार टिकते तरी किती? डेट्रॉइट शहरांतील मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत जेम्स जॅमरसन (१९३६-१९८३) यानें बेस गिटार वाजविली आहे. तो ला बेला कंपनीच्या जाड सपाट तारा वापरी, व तुटल्यावांचून त्या बदलीत नसे, अशी त्याची ख्याति आहे. जुनी झालेली तारच त्याला अधिक मानवे.

आवाज मुका आहे, ही तक्रार आम्हीं पुष्कळ ऐकली आहे. तंबोऱ्याच्या जवारींतून निघणाऱ्या झणत्काराची आपल्या कानांस सवय. मिरजेचे कारागीर तो साधण्यासाठीं घोडीवर तासन्‌तास खपतात. त्या कानांना सपाट तार प्रथम निस्तेज वाटते, हें खरें. पण दोन वाद्यांचें काम भिन्न आहे. तंबोऱ्यानें गाणाऱ्यास स्वरांनीं वेढावें. बेस गिटारीनें त्याच्या पायांखालीं जमीन द्यावी. पन्नास मुलें एकत्र गात असतां खालून झणझणाट उठला, तर पदाचे शब्दच ऐकूं येत नाहींत. अंगठ्याचा प्रहार करून वाजविण्याची एक तऱ्हा आहे, ती सपाट तारेवर खुलत नाहीं, हेंहि आम्ही मान्य करितों. ज्यास तीच शिकावयाची असेल त्यानें आपल्या घरच्या गिटारीस गोल तारा खुशाल लावाव्या.

आतां पैशाची गोष्ट. सपाट तारांचा संच गोल तारांच्या संचाहून बहुधा दुप्पट वा अधिक किंमतीचा असतो, आणि येथेंच वर्गणी देणारा पालक अडतो. स्वस्त संच घ्यावा व दर वर्षीं बदलावा, असें त्याचें म्हणणें. हिशेब कागदावर बरोबर आहे. पण बदलतो कोण? पहिल्या वर्षाचा उत्साह दुसऱ्या पावसाळ्यांत उरत नाहीं. गंजलेली तार तशीच राहते व बोटांची सालें काढते. मुलाला वाटतें, आपणांसच हें साधत नाहीं. तें घरीं तसें सांगतें, आणि आईबापहि तें खरें धरून चालतात. डोंगरांतल्या वाडीवरून चालत येणाऱ्या मुलीच्या हातीं हें वाद्य आठवड्यांतून एखादा तास येतें. तो तास गंजाशीं झुंजण्यांत जावा, हें आम्हांस मुळींच पटत नाहीं. जुन्या गोल तारा उकळत्या पाण्यांत घालून उजळण्याची युक्ति वादकांत प्रसिद्ध आहे. मळ निघतो खरा, पण आंत पाणी शिरतें, आणि आमच्या हवेंत तें म्हणजे आगींतून उठून फुफाट्यांत पडणें होय.

संच मागवितांना मात्र सावध असावें. सपाट तारा पुष्कळदां अधिक ताणाच्या असतात. चारी तारांचा मिळून ताण साधारण दीडशे पौंडांच्या घरांत जातो, व तो वाढला कीं दांडी वांकते. तेव्हां दांडींतील सळई जाणत्याकडून नीट करून घ्यावी. लहान मुलांसाठीं कमी ताणाचा संच मुद्दाम मागावा. वाद्य ३४ इंचांचें कीं लहान हातांसाठीं केलेलें ३० इंचांचें, हें मोजल्याशिवाय पैसे देऊं नयेत. कारण तारेचा जाड भाग खुंटीभोंवतीं गुंडाळला गेला, तर वरची फीत चिरते. टोंकाकडील रेशमी दोऱ्याचें वेष्टन मेरूच्या पलीकडे सुरू झालें पाहिजे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. आणि जादा टोंक तोडण्यापूर्वीं तार काटकोनांत वांकवून घ्यावी, मग वांकाच्या पुढें पक्कड चालवावी. नाहीं तर गाभ्यावरील वेष्टन सैल पडतें, व महागाची तार पहिल्याच दिवशीं निकामी होते.