कंपनी विकली की साहेबांना कोट्यवधी. कामगारांना शंका का येते?

जपानच्या निप्पॉन स्टीलने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेची यूएस स्टील १४.९ अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. व्यवहार झाल्यास सीईओ डेव्हिड बरिट यांना ७ कोटी डॉलरहून अधिक मिळू शकतात, अशा बातम्या आल्या. वर्षभराने निप्पॉनने कामगारांनाही बोनस देऊ केला : प्रत्येकी ५,००० डॉलर. काही कामगार व्यवहाराच्या बाजूने होते, पण युनायटेड स्टीलवर्कर्स युनियनचा विरोध कायम राहिला. जून २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

साहेबांना एवढे पैसे कशासाठी? याला ‘गोल्डन पॅराशूट’ म्हणतात. आपली खुर्ची जाईल या भीतीने अधिकाऱ्यांनी चांगला सौदा अडवू नये, हा त्यामागचा हेतू.

अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार अशा रकमेवर भागधारकांचं मत घेतात, पण ते बंधनकारक नसतं. कामगारांना तर मतच नाही.

खरी मेख इथे आहे. अधिकाऱ्याची कमाई सौदा होण्यावर ठरते, कामगाराची सौद्यानंतर कारखाना चालण्यावर. त्यामुळे ‘हे सगळ्यांच्या भल्याचं आहे’ असं साहेब म्हणाले, की कामगार आधी विचारतो, ‘तुम्हाला किती मिळणार?’